डेकवर एकटीने एक फेरी

जहाजाच्या माहितीपत्रकात शेवटच्या पानावर सगळ्यात वरच्या डेकचा नकाशा होता. डेकच्या कडेकडेने एक निळी रेघ काढलेली होती. ती पुढच्या टोकापासून निघून एका बाजूने मागे जात होती आणि दुसऱ्या बाजूने पुन्हा पुढे येऊन स्वतःलाच मिळत होती. शेजारी लिहिलं होतं, 'फिरण्याची वाट'. घरातल्या बाकीच्यांनी त्या पत्रकात भोजनगृह पाहिलं, पोहण्याचा तलाव पाहिला, आमच्या वन्संनी गरम पाण्याची सोय पाहिली. मी ती रेघ पाहिली. मला तिच्यावरून एकदा फिरायचं होतं. एकटीने.

हे 'एकटीने' जरा समजावून सांगायला हवं. माझे गुडघे आणि माझी कंबर यांनी आपसांत ठरवून कामावर यायचं बंद केलं, तेव्हापासून मी घराबाहेर एकटी गेलेली नाही. आपण चाकांच्या खुर्चीत बसायचं आणि मागून कोणीतरी ढकलायचं, अशी आमची पद्धत. ढकलणाऱ्याचं मन ज्या दुकानासमोर रेंगाळेल, त्या दुकानासमोर आपणही रेंगाळायचं. वन्संबरोबर भांड्यांच्या दुकानांत मी जेवढा वेळ काढला आहे, तेवढ्यात एखादा माणूस भांडी घडवायला शिकला असता. तक्रार नाही. ढकलणाऱ्याचं तोंड आपल्याला दिसत नाही आणि आपलं त्याला दिसत नाही, त्यामुळे कंटाळा दोन्हीकडे गुप्त राहतो, एवढी एक सोय त्यात आहे.

म्हणून जहाजाचं ठरलं तेव्हा मी म्हटलं, बॅटरीवर चालणारी स्कूटर घेऊ या. ही स्कूटर म्हणजे रस्त्यावरची नव्हे. एक बऱ्यापैकी खुर्ची, खाली चार लहान चाकं, समोर एक दांडा आणि दांड्याला टोपली. वेगासाठी एक गोल बटण असतं. त्याच्या एका टोकाला कासवाचं चित्र, दुसऱ्या टोकाला सशाचं. ससा पाहून मला फार बरं वाटलं.

शेजारच्या भाऊजींना वाटलं नाही. भाऊजी आमच्या समोरच्या दारातले. त्यांनी आयुष्यभर पूल बांधले, आणि आता पूल मिळत नाहीत म्हणून ते सल्ले बांधतात. त्यांनी स्कूटरभोवती एक प्रदक्षिणा घातली, टायर अंगठ्याने दाबून पाहिला आणि म्हणाले, "वहिनी, जमिनीवर ठीक आहे. पण समुद्र म्हणजे जमीन नव्हे."

यावर वाद घालण्यासारखं काही नव्हतं.

जहाज कंपनीच्या कार्यालयात खिडकीमागे एक चष्मेवाली बाई होती. तिने स्कूटरची लांबी, रुंदी, वजन विचारलं. बॅटरी ओली की कोरडी ते विचारलं. मी सगळं सांगितलं. मग तिने विचारलं, "प्रवासी स्वतः चालू शकतात का? हो किंवा नाही सांगा."

"भिंत असेल तर हो," मी म्हणाले.

तिने पडद्याकडे पाहिलं. "भिंतीचा पर्याय नाहीये."

"मग 'नाही' घ्या."

"नाही घेतलं तर सोबत सक्तीची आहे."

"मग 'हो' घ्या."

"हो घेतलं तर स्कूटर कशाला, असं वरून विचारतात."

प्रश्नाला दोनच उत्तरं असावीत आणि खरं उत्तर त्या दोघांच्या मध्ये पडावं, हे मी कॉलेजात शिकवताना प्रयोगशाळेत अनेकदा पाहिलं होतं. खिडकीत पहिल्यांदाच पाहिलं. तेवढ्यात मागून आमचे हे उत्साहाने पुढे सरसावले. "सोबत आहे ना! मी आहे, माझी थोरली बहीण आहे. सोबतीची काहीच कमतरता नाही."

बाईचा चेहरा खुलला. 'नाही' नोंदवलं गेलं.

घरी परतल्यावर भाऊजींना हे कळलं आणि ते विचारात पडले. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपलंही तिकीट काढलं. "म्हटलं, वहिनींना सोबत होईल," ते म्हणाले. एका माणसाने एकटं फिरायचं ठरवल्यामुळे तीन माणसं सोबतीला निघाली, याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

आता सराव. भाऊजींचं म्हणणं, केबिन लहान असते, वळण घेता आलं पाहिजे. ते मला पटलं. कंपनीकडून केबिनची मापं मागवून मी स्वतः हिशोब केला आणि इमारतीच्या पार्किंगमध्ये खडूने सबंध केबिन काढली. पलंग, कपाट, न्हाणीघर, दार. रोज सकाळी मी त्या खडूच्या दारातून आत जायचे, पलंगाला वळसा घालायचे आणि बाहेर यायचे. वन्सं खडूच्या पलंगावर उभ्या राहून "लागलं, लागलं!" असं ओरडायच्या. एके दिवशी आमच्या न्हाणीघरात वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी गाडी लावली. मुलं कपाटात लंगडी खेळू लागली. मला मात्र त्या खडूच्या घराचा लळा लागला होता. भिंती नाहीत, छप्पर नाही, आणि आपण त्यात शहाण्यासारखं ये-जा करतो आहोत. कधी कधी मी आत जाऊन नुसतीच बसून राहायचे. रखवालदार समजूतदार होता. खडूच्या दाराशी थांबून "येऊ का?" विचारायचा.

हिशोब बिनचूक होता. फक्त एक गोष्ट राहिली. खडूचं दार उघडत नाही. ते असतं किंवा नसतं.

जहाजावरचं दार आत उघडत होतं.

स्कूटर आत गेली, पलंगाला वळसा घातला, अगदी ठरल्याप्रमाणे. पण आता दार लागेना. ज्या बाईने आयुष्यभर विद्यार्थ्यांना 'गृहीत काय धरलंय ते आधी लिहा' असं सांगितलं, तिने दाराची बिजागरी गृहीतच धरली नव्हती. भाऊजींनी मोठ्या मनाने मला काहीही म्हटलं नाही. ते फक्त दाराकडे पाहत राहिले. त्यापेक्षा बोलले असते तर बरं झालं असतं.

शेवटी उपाय निघाला. आधी वन्संनी पलंगावर चढायचं. यांनी न्हाणीघरात जायचं. मग मी स्कूटर उलटी आत घ्यायची, यांनी न्हाणीघरातून हात काढून दार लोटायचं, आणि मग वन्संनी उतरायचं. बाहेर पडताना हाच क्रम उलटा. स्कूटर मागे घेताना ती मोठ्याने टूं-टूं-टूं असा आवाज करते. हा आवाज बंद करता येत नाही, तो सुरक्षेसाठी आहे. पहिल्याच संध्याकाळी समोरच्या केबिनमधले वयस्क गृहस्थ अंगात जीवरक्षक जाकीट घालून बाहेर आले. त्यांच्या मागून त्यांच्या पत्नी, हातात दागिन्यांचा डबा. "बोटी कुठल्या बाजूला आहेत?" त्यांनी शांतपणे विचारलं. मी त्यांची माफी मागितली. पुढे ते रोज जाकिटाशिवाय दार उघडून पाहत, पण पत्नींच्या हातातला डबा काही सुटला नाही.

जहाज आत्तापर्यंत किनारा सोडून आलं होतं. लांबलचक बोळांमधून निळे गालिचे अंथरलेले होते. त्यांवर मासे विणलेले होते, आणि सगळ्या माशांची तोंडं जहाजाच्या पुढच्या टोकाकडे होती. स्कूटर त्यांच्यावरून आवाज न करता जायची. जमीन अगदी सावकाश, झोपलेल्या माणसाच्या छातीसारखी वर-खाली व्हायची. मला वाटायचं, हा बोळ संपूच नये. आणि तो लवकर संपतही नसे, कारण आम्ही चालत होतो वन्संच्या वेगाने.

डेकवर आमची मिरवणूक अशी निघायची. सगळ्यात पुढे भाऊजी, "बाजूला, जरा बाजूला," असं म्हणत. माझ्या डावीकडे हे, एक हात माझ्या पाठीच्या टेकूवर. उजवीकडे वन्सं, एक हात टोपलीवर, आधार म्हणून. कोणाला आधार, हे स्पष्ट नव्हतं. टोपलीत वन्संचा स्वेटर, यांचा चष्मा, भाऊजींची दुर्बीण, सगळ्यांचे पंचे आणि भोजनगृहातून 'असू दे, लागेल' म्हणून उचललेली सफरचंदं. वेगाच्या बटणावर यांनी कासवाजवळ चिकटपट्टी लावून टाकली होती. लोक आरामखुर्च्यांतून उठून उभे राहायचे. एका कुटुंबाने माझ्याबरोबर फोटो काढून घेतला आणि जाताना आपसांत विचारलं, "कोण आहेत पण या?"

पाव फेरी झाली की वन्संचे पाय दुखायचे. "तू जरा उतर गं, मी दोन मिनिटं टेकते." मग मला आरामखुर्चीत बसवलं जायचं आणि वन्सं स्कूटरवर बसायच्या. त्या बसल्या की त्यांचे पाय दुखायचे थांबत, आणि मग त्यांना ती चालवून पाहावीशी वाटे. मी खुर्चीत बसून माझ्या स्कूटरला दूर जाताना पाहायचे. फेरी तिथेच मोडायची.

एके दिवशी न्याहारीच्या वेळी मी सरळच सांगितलं, "मला डेकवर एकटीने एक फेरी मारायची आहे. पूर्ण."

चमचे थांबले.

"का गं?" वन्संनी विचारलं. "आमचं काही चुकलं का?"

"चुकलं काही नाही, वन्सं."

"मग आम्ही नकोसे का झालो?"

"नकोसे नाही हो. फक्त एक फेरी."

"जा की," हे म्हणाले. "कोण अडवतंय? मी आपला लांबून मागे येईन. तुला दिसणारसुद्धा नाही."

"मला ठाऊक असेल ना, तुम्ही मागे आहात ते."

"मग बरंच आहे. धीर येईल."

भाऊजींनी तोंड पुसलं आणि निवाडा दिला. "वहिनींचं बरोबर आहे. एकटं जायला काहीच हरकत नाही. फक्त बरोबर कोणीतरी असलं पाहिजे."

दुपारी सगळ्यांचा डोळा लागल्यावर मी एकदा प्रयत्न केला. पण सकाळी घाईत स्कूटर तोंडाकडून आत घेतली गेली होती, दार उघडंच ठेवावं लागलं होतं, आणि आता ती मागे घेतल्याशिवाय बाहेर निघेना. टूं-टूं-टूं. हे दचकून उठून बसले, वन्सं सवयीने पलंगावर उभ्या राहिल्या, आणि समोरच्या केबिनचं दार उघडलं. "काही नाही," मी त्या गृहस्थांना म्हणाले. "चालू द्या."

असं करता करता शेवटचा दिवस आला. संध्याकाळच्या आत बंदर येणार होतं आणि माझी फेरी झाली नव्हती. पुन्हा जहाजावर येणं कोणाला जमणार होतं? घरी गेल्यावर तीच खुर्ची, तेच भांड्यांचं दुकान. सामान बांधायची धांदल उडाली होती. केबिनमध्ये पेट्या उघडल्या की स्कूटरला जागा नव्हती, म्हणून मला स्कूटरसकट बोळात ठेवलं गेलं. यांनी आतून हाक मारली, "ताई, तू आहेस ना तिच्याजवळ?" वन्सं तेव्हा साबण विसरला म्हणून न्हाणीघरात होत्या, त्यांना अर्धवटच ऐकू आलं, वाटलं, भाऊजी आहेत का असं विचारलं. त्या म्हणाल्या, "हो हो, आहेत." भाऊजी त्यांच्या केबिनमधून ओरडले, "असू दे, असू दे, सगळे आहेतच!" आणि त्यांचं दार लागलं.

मला कोणी काहीच विचारलं नाही. त्यामुळे मी खोटं बोलले असं म्हणता येणार नाही.

मी माशांच्या तोंडांच्या दिशेने निघाले. लिफ्टने वर गेले. डेकवर येताच बटणावरची चिकटपट्टी सोलून काढली, ती घडी करून टोपलीत ठेवली, आणि बटण सशाकडे फिरवलं.

ससा फार वेगाने पळतो असं नाही. पण वारा लागतो. इतके दिवस माझ्या तोंडावर वारा आला तो भाऊजींच्या पाठीला वळसा घालून. आज तो सरळ आला. पुढच्या टोकाशी मी थांबले नाही, नुसती वळले, आणि मनात आलं, अरे, वळायचं आपण ठरवलं. एका ठिकाणी उगाचच थोडी डावीकडे गेले आणि पुन्हा उजवीकडे आले. कोणी "काय झालं?" विचारलं नाही. समुद्र माझ्या बाजूबाजूने येत होता, पण त्याला मला सांभाळायचं नव्हतं. रिकाम्या आरामखुर्च्या एकेक करून मागे सरकत होत्या, झोपेत दारं मागे सरकावीत तशा. मी जागी आहे की दुपारची झोपले आहे, याची मला क्षणभर खात्री देता आली नसती.

जहाजाच्या मागच्या टोकाशी आले आणि दांड्यावरचा बॅटरीचा हिरवा दिवा पिवळा झाला. पिवळा होता होता तांबडा झाला. स्कूटरने एक सुस्कारा टाकला आणि ती थांबली.

हे कसं झालं ते मला लगेच समजलं. आमच्याकडे खोलीतून बाहेर पडताना सगळे दिवे, पंखे, बटणं बंद करायची, हा धर्म आहे. माझा नवरा या धर्माचा कडवा अनुयायी. केबिनमध्ये दाराशी एका खाचेत एक कार्ड घालायचं असतं. ते काढलं की सगळ्या खोलीची वीज जाते. आम्ही जेवायला निघालो की हे प्रत्येक वेळी ते कार्ड काढून समाधानाने खिशात घालत होते. आणि आम्ही जेवायला गेलो की स्कूटर चार्ज होते, अशी माझी समजूत होती. कासवाच्या चालीला तेवढी वीज पुरली. सशाला पुरली नाही.

मी बसून राहिले. करण्यासारखं दुसरं काही नव्हतं. जहाजाच्या मागे पाण्यात एक रुंद पांढरी वाट उमटत होती आणि लांब जाऊन विरघळत होती. माझी अर्धी फेरी झाली होती. अर्धीच.

डेक पुसणारी एक बाई कुंचा घेऊन जवळ आली. "काकू, बंद पडली का? कोणाला बोलावू?"

तिने हे इतक्या मायेने विचारलं, की 'बोलाव' म्हणणं फार सोपं होतं. "नको," मी म्हणाले. "माझ्याबरोबर माणसं आहेत."

तिने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. "कुठे?"

"येतायत."

ती माझ्या चाकांभोवतीची जागा सोडून बाकीचा डेक पुसत निघून गेली. मी एवढं स्वच्छ खोटं पूर्वी कधी बोलले असेन असं वाटत नाही. त्याचं ओझंही वाटलं नाही, याचंच नवल वाटलं.

मग भोंग्यातून कप्तानाचा आवाज आला. बंदरातली जागा अजून रिकामी झालेली नाही, तोवर जहाज इथेच सावकाश एक गोल वळसा घेईल, प्रवाशांनी काळजी करू नये. मी काळजी करत नव्हते. मागची पांढरी वाट हळूच वाकू लागली. समोर दीपगृह आलं, त्यामागून गोदामांची रांग, मग एक बोडकी टेकडी, मग नुसता समुद्र, उजेडाने भरलेला. स्कूटरच्या दांड्याची सावली माझ्या डाव्या हाताला पडली होती. ती उठल्यासारखी झाली, माझ्या पायांवरून गेली, उजव्या हाताला आली, पुढे टोपलीखाली दिसेनाशी झाली. मी हात मांडीवर ठेवून तिची वाट पाहत राहिले. टेकडी गेली, समुद्र गेला. दीपगृह परत आलं, आणि सावली डाव्या हाताला येऊन पूर्वीच्या जागी टेकली.

मी चाकभरही हलले नव्हते आणि माझी एक पूर्ण फेरी झाली होती. कोण फिरलं, हे कुठे बसून पाहता यावर अवलंबून असतं. मी जिथे बसले होते, तिथून सगळं जग माझ्याभोवती फिरून आलं होतं, आणि बरोबर कोणी नव्हतं.

तेवढ्यात माणसं आली. हे एका बाजूने धावत, भाऊजी दुसऱ्या बाजूने, वन्सं लिफ्टच्या दारातून दोन्ही हात पसरून. तिघे पेट्या घेऊन लिफ्टपाशी भेटले आणि मी कोणाबरोबरच नाही, हे तिघांना एकदम कळलं होतं.

"तू होतास ना तिच्याजवळ?" वन्संनी यांना विचारलं.

"मी? मला वाटलं, तू आहेस!"

"भाऊजी होते ना?"

"मी म्हटलं, सगळे आहेत," भाऊजी म्हणाले. "आहेत म्हटलं. 'मी आहे' असं नाही म्हटलं."

मग वन्सं माझ्यापाशी वाकल्या. त्यांना धाप लागली होती. "एकटीच बसली होतीस गं इथे? भीती नाही वाटली?"

"वाटली थोडी," मी म्हणाले. "चांगली वाटली."

वन्संनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग टोपलीतला आपला स्वेटर काढून घेतला आणि तो स्वतःच घातला. एरवी त्यांनी तो माझ्या खांद्यांवर टाकला असता.

यांनी दिव्याकडे पाहिलं आणि खिशातल्या कार्डाला हात लावला. स्कूटरच्या मागे एक लाल खटका असतो. तो ओढला की चाकं मोकळी होतात आणि गाडी हाताने ढकलता येते. यांनी खटका ओढला. "चल, आलीस तसेच मागे फिरू. जवळ पडेल."

"नाही," मी म्हणाले. "पुढून जाऊ या. अर्धी राहिली आहे."

मला वाटलं, आता चर्चा होणार. पण हे ढकलू लागले. वन्सं आणि भाऊजी मागून येत होते. थोडं पुढे गेल्यावर वाटेला अगदी बारीक उतार लागला. पाणी वाहून जावं म्हणून डेकला असा उतार देतात, पायांना तो कळतसुद्धा नाही, चाकांना कळतो. टेकूवरचा यांचा हात हलका झाला. त्यांनाही ते जाणवलं असावं, कारण ते थांबून-थांबून चालू लागले. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "सोडू का?"

"सोडा."

"सोडू नकोस रे!" वन्संचा आवाज आला.

"सोडलं, ताई."

चाकं कुठलाही आवाज न करता पुढे निघाली. ऊन, कठडा, पाणी, सगळं एका चालीने मागे जाऊ लागलं. मागून भाऊजी ओरडले, "वहिनी, आता ब्रेक लागत नाहीत तिला!"

"माहीत आहे," मी म्हणाले. पण तोवर मी इतकी पुढे आले होते, की ते त्यांना ऐकू गेलं नसावं.